परसदारी शिसं ओतताना

मागच्या आठवड्यात सांगलीहून आत्तेभावाचा फोन आला. बोलता बोलता मी म्हटलं, संध्याकाळी बंदुकीच्या गोळ्यांसाठी शिसं ओतायला बसणार आहे. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामांनी जन्मभर शिसं हाताळलं, आता तू पण?" फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. ते आता सविस्तर लिहिते. नवीन शिकणाऱ्या कुणाला त्यातलं काही उपयोगी पडलं तर तेही हवंच आहे.

मी पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टर काउंटीत राहते. घराच्या मागे आमिश (जुन्या वळणाने राहणारा ख्रिस्ती पंथ) कुटुंबाचं मक्याचं शेत आहे, सकाळी घोड्यांच्या टापा ऐकू येतात. अठराव्या शतकात याच भागातल्या जर्मन भाषिक कारागिरांनी लांब नळीची रायफल घडवली. पुढे ती केंटकी रायफल म्हणून प्रसिद्ध झाली, पण तिचं माहेर हे. लँडिस व्हॅलीच्या संग्रहालयात मेपलच्या पट्टेदार लाकडाची, पितळी नक्षीची ही रायफल पाहिली आणि माझा पाय तिथून निघेना. पलीकडच्या घरातल्या काकांना हे सांगितलं. (इंग्रजीत मी त्यांना नावानेच हाक मारते, मनात मात्र ते काकाच आहेत.) ते म्हणाले, माझ्याकडे दोन आहेत, रविवारी ये. चार वर्षं झाली त्याला.

ही ठासणीची बंदूक. चकमकीच्या ठिणगीने पेटणारी, तोंडाकडून भरायची. आधी मापाने काळी दारू, मग नळीच्या तोंडावर तेल-मेण लावलेला कापडाचा तुकडा, त्यावर शिशाची गोळी, आणि मग लाकडी गजाने ती तळापर्यंत सरकवायची. कापड कोणतं, तर आपला गादीपाट! निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, घट्ट विणीचं, गाद्यांच्या खोळींना वापरतात ते. इथेही ते गादी-उशांसाठीच विणलं जायचं, आणि दोनशे-अडीचशे वर्षं लोक ते बंदुकीत वापरत आले आहेत. माझी नळी आतून अर्ध्या इंचाची आहे, गोळी ०.४९० इंचाची. उरलेली फट गादीपाट भरून काढतो. नळीतल्या पीळदार खाचांना कापड धरतं, कापड गोळीला धरतं, आणि गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते.

मी शिकार करत नाही. काका करतात, पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून नाताळानंतर चकमकीच्या बंदुकांसाठी हरणांचा खास हंगाम असतो आणि ते तो चुकवत नाहीत. मी क्लबच्या मैदानावर पन्नास यार्डांवरच्या कागदावर नेम धरते. गोळ्या मागच्या मातीच्या बांधात जातात आणि क्लब ते शिसं ठरावीक वर्षांनी चाळून काढतो. शिकारीतलं शिसं गिधाडांच्या आणि गरुडांच्या पोटात जाऊन ते मरतात, हे वाचल्यावर माझ्यापुरता तो प्रश्न मिटला.

कायद्याचं आधीच सांगते. इथे स्वतःच्या वापरासाठी गोळ्या ओतायला परवाना लागत नाही, विकायच्या असतील तर आधी नियम पाहावेत. भारतात तसं नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमात गोळीचे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा दारूगोळ्यात मोडतात आणि विनापरवाना बनवणं गुन्हा आहे. कोकणात शेतीरक्षणासाठी परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत, त्यांच्या मालकांनीही आपल्या परवान्यात काय बसतं ते आधी पाहावं. महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांनी हे वाचावं, करू नये.

आता धातू. ठासणीच्या बंदुकीला मऊ, शक्य तितकं शुद्ध शिसं लागतं. कडक गोळी नळीत उतरत नाही, जबरदस्तीने ठासली तर कापड फाटतं. शुद्ध शिशाची परीक्षा सोपी आहे: अंगठ्याच्या नखाने ओरखडा ओढा. स्वच्छ चमकदार रेघ उमटली तर ते मऊ. माझं पहिलं शिसं एका जुन्या घराच्या छपरावरून उतरलेलं होतं. धुराड्याच्या बुडाशी पाणी झिरपू नये म्हणून पूर्वी शिशाचा पत्रा ठोकत असत, तो. चाळीस पौंड, म्हणजे साधारण अठरा किलो. काळपट, धुळीने माखलेलं, गुंडाळी करून दोरीने बांधलेलं. एका पौंडात सात हजार ग्रेन, माझी एक गोळी १७७ ग्रेनची, म्हणजे पौंडाला एकोणचाळीस गोळ्या. मी पहिल्याच रात्री कागदावर हिशेब मांडला होता.

बरेच जण गाड्यांच्या चाकांना लावायच्या वजनांपासून सुरुवात करतात, कारण ती टायरच्या दुकानात बादलीभर मिळतात. हल्ली त्यांत भेसळ फार. क्लिपवाल्या शिशात अँटिमनी असतं, ते माझ्या कामाला कडक. काही वजनं लोखंडाची, आणि काही जस्ताची. जस्त हा खरा शत्रू. ते ४२० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं आणि एकदा का शिशात मिसळलं की सगळा घाणा लापशीसारखा होतो, साच्यात नीट उतरतच नाही. म्हणून ती वजनं वितळवणाऱ्याने आधी एकेक तुकडा पक्कडीने दाबून पाहावा. शिसं कापलं जातं, जस्त दाद देत नाही. आणि भांडं मंद ठेवावं, म्हणजे चुकून राहिलेलं जस्त न वितळता वर तरंगतं आणि झाऱ्याने काढता येतं. गाडीच्या बॅटरीतलं शिसं मात्र कुणीही, कधीही घेऊ नये. त्यातल्या इतर द्रव्यांपासून विषारी वायू होऊ शकतात.

साहित्य थोडंच लागतं. बिडाचं जाड भांडं आणि गॅसची शेगडी, हे कच्चं शिसं वितळवून, साफ करून वड्या पाडण्यासाठी. वड्यांसाठी पत्र्याचा मफिनचा साचा. गोळ्या ओतायला दहा पौंडांचं विजेचं छोटं भांडं, बुडाशी तोटी असलेलं. दोन गोळ्या एकदम पडतील असा ॲल्युमिनियमचा साचा, लाकडी मुठींचा. धातूत बुडवायचा तापमापक, नवशिक्याला तो हवाच. आणि साच्याच्या वरची पट्टी ठोकून फिरवायला लाकडी दांडा (पट्टी फिरली की गोळीवरचं जादा शिसं कापलं जातं). मी जुनं लाटणं घेतलं. यातलं स्वयंपाकघरातून आलेलं काहीही परत स्वयंपाकघरात जायचं नाही. लाटण्याला मी लाल रंग फासून ठेवला आहे, कुणी चुकूनही पोळपाटाजवळ नेऊ नये म्हणून.

शिसं ३२७ अंशांना वितळतं. वितळताना आधी काहीच होत नाही, बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग वड्यांच्या कडा अचानक बसतात. वरची राखाडी साय बाजूला केली की खाली आरसा. लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा, तापलेल्या पातेल्यात कथील पळायचं, नवसागराचा पांढरा धूर उठायचा आणि आम्ही पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करून उभी असायचो. पहिल्यांदा भांड्यात पाहिलं तेव्हा तेच आठवलं. इथे नवसागराऐवजी मेणाचा बोराएवढा गोळा टाकतात. तो भडकन पेटतो, पेटू द्यायचा, ढवळायचं. मळ वर येतो आणि करड्या भुकटीसारखा जमतो. ती भुकटी हलक्या हाताने काढून झाकणाच्या डब्यात ठेवायची. झटकायची नाही, फुंकायची नाही. त्याचं कारण पुढे सांगते.

माझ्या पहिल्या तीन संध्याकाळी वाया गेल्या. गोळ्या पडायच्या, पण वाळक्या बोरांसारख्या सुरकुतलेल्या. मला वाटलं, शिसं थंड आहे. उष्णता वाढवली. तरी तेच. काका येऊन पाठीमागे हात बांधून उभे राहिले, दहा-बारा वेळा मला ओतताना पाहिलं आणि म्हणाले, शिसं गरम आहे, साचा गार आहे. शिवाय नव्या साच्याला कारखान्यातलं तेल असतं, ते मी फडक्याने नुसतं पुसलं होतं. भांड्यांच्या साबणाने, दात घासायच्या ब्रशने ते घासून काढावं लागतं आणि साचा खडखडीत वाळवावा लागतो. मग काडीच्या धुराने आतून काजळी धरायची, अगदी पातळ. आणि ओतण्याआधी साच्याचा एक कोपरा वितळलेल्या शिशात बुडवून धरायचा. सुरुवातीला त्याला शिसं चिकटतं. अर्ध्या-पाऊण मिनिटाने चिकटणं थांबतं, कोपरा स्वच्छ बाहेर येतो. तेव्हा साचा तयार.

हे कळल्यावर सगळं बदललं. आता मी शिसं ४०० ते ४२० अंशांच्या मध्ये ठेवते आणि लक्ष साच्यावर ठेवते. तोटीखाली साचा धरायचा, दोन्ही भोकं भरून वर छोटासा ढीग राहू द्यायचा. तो ढीग चमकत असतो. बघता बघता त्यावर धुकं आल्यासारखं होतं, तो मंद पडतो. त्यानंतर चार-पाच सेकंद थांबून लाटण्याने पट्टी ठोकायची. घाईने ठोकलं तर गोळीच्या डोक्यावर खड्डा पडतो, पट्टीखाली शिसं फासलं जातं. उशीर केला तर हात दुखतो. मग साचा उघडून गोळ्या घडी घातलेल्या जुन्या टॉवेलवर हळूच सोडायच्या, कारण गरम असताना त्या इतक्या मऊ असतात की एकमेकींवर आपटल्या तरी चपटतात. लगेच पुन्हा भरायचं. थांबून गोळ्यांचं कौतुक करत बसलं की साचा गार होतो आणि पुढच्या चार फेऱ्या सुरकुत्या. फार भराभर केलं की साचा तापतो, ढीग धरायलाच दहा-बारा सेकंद लागतात. तेव्हा साचा उघडा धरून थोडा वेळ द्यायचा. ही लय हाताला सापडते तो क्षण मला फार प्रिय आहे. ओत, थांब, ठोक, उघड. त्या तासाभरात डोक्यात दुसरं काही येत नाही.

आता दुसरी गोष्ट, पाण्याची. गेल्या वर्षी मे महिन्यात मी ओतायला मागच्या अंगणात बसले होते. एक शिशाची वडी गवतात पडली, मी उचलली, फडक्याने पुसली आणि भांड्यात टाकली. वडीच्या खालच्या बाजूला बारीक चीर होती आणि तिच्यात दव. आवाज झाला तो फटाक्यासारखा. पाण्याची वाफ होताना ते सोळाशे पटींहून जास्त फुगतं. ती वाफ शिशाच्या तळातून वर आली आणि भांड्यातलं शिसं घेऊन उडाली. दूरपर्यंत ठिपके गेले. माझ्या तोंडावर पारदर्शक ढाल होती, तिच्यावर अकरा ठिपके मोजले. एक मनगटाशी बाहीतून आत गेला, त्याचा डाग अजून आहे. त्या दिवसापासून चालू भांड्यात काहीही गार टाकत नाही. वड्या आधी भांड्याच्या कडेवर ठेवून तापवते, किंवा भांडं गार असतानाच भरते. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट (नायलॉन नाही, ते कातडीला चिकटून वितळतं), चामड्याचे बूट, चामड्याचे हातमोजे, तोंडावर ढाल. घामाचा थेंब पडू नये म्हणून कपाळावर पट्टी. पाण्याची बाटली शेजारी नाही. पावसाचं सावट असेल तर बसायचंच नाही.

घरी गोळ्या ओतण्याची इथली सगळ्यात प्रसिद्ध हकिकत १७७६ची. ९ जुलैला न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि त्याच रात्री लोकांनी बोलिंग ग्रीनमधला राजा तिसऱ्या जॉर्जचा पुतळा पाडला. पुतळा शिशाचा होता, वर सोन्याचा मुलामा. त्यातलं बरंचसं शिसं कनेक्टिकटमधल्या लिचफिल्ड गावी, ऑलिव्हर वॉलकॉट यांच्या घरी पोचलं. तिथे गावातल्या बायकांनी आणि मुलांनी ते वितळवून गोळ्या ओतल्या आणि काडतुसं वळली. वॉलकॉटांनी हिशेब लिहून ठेवला आहे: एकूण ४२,०८८. त्यात त्यांच्या लॉरा या मुलीच्या नावावर ८,३७८, धाकट्या मेरी ॲनच्या नावावर १०,७९०, आणि छोट्या फ्रेडरिकच्या नावावर ९३६. मी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा अंगावर काटा आला. दहा हजार सातशे नव्वद! मेरी ॲन तेव्हा अकरा वर्षांची होती. तिच्या हातांना ते शिसं किती लागलं असेल, हात धुऊन ती जेवायला बसत असेल का, हा प्रश्न मात्र मला नंतर पडला, आणि तो पडल्यापासून ती यादी मला नुसत्या अभिमानाने वाचता येत नाही.

माझे वडील सांगलीत एका लहान छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे अक्षरजुळणी करणारे, होते. लग्नपत्रिका, हँडबिलं, सहकारी सोसायट्यांचे अहवाल. हातात स्टिक म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, पुढे केस म्हणजे अक्षरांच्या खणांची पेटी, एकेक खिळा, म्हणजे एका अक्षराचा धातूचा ठसा, उचलून ओळ जुळवायची, छपाई झाली की एकेक खिळा परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचा. खिळे शिशाचे, त्यात अँटिमनी कडकपणासाठी, कथील धातू नीट वाहावा म्हणून. संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांची बोटं शिसपेन्सिलीने घासल्यासारखी दिसत. शाळा सुटल्यावर मी डबा घेऊन जायची. ते हात धोतराला पुसत आणि भाकरी मोडत. कधी कधी जुळणी करताना खिळा दातात धरत. मालक कामगारांना रोज दोन केळी देत, शिसं बाधू नये म्हणून. मालकांचा हेतू चांगला होता, पण केळ्याने शिसं जात नाही. हात धुतल्याने जातं. हात धुवायला छापखान्यात एक बादली होती आणि तिच्यात रोलरची शाई.

बाबांच्या हिरड्यांवर, दातांच्या मुळाशी, बारीक निळसर रेघ होती. त्यांच्या पोटात अधूनमधून कळा यायच्या, आई ओवा द्यायची. ती रेघ म्हणजे शरीरात शिसं साठल्याची खूण असू शकते, हे मी चाळिशी ओलांडल्यावर, इथे गोळ्या ओतायला शिकताना, एका सुरक्षापुस्तिकेत वाचलं. तेव्हा बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी पुस्तिका मिटून ठेवली आणि महिनाभर भांड्याला हात लावला नाही.

परत बसले ती नियम करून. शिसं उकळतं १,७४९ अंशांना. आपण काम करतो त्या उष्णतेला त्याची वाफ नगण्य असते. धोका आहे तो त्या करड्या भुकटीचा, हाताला लागणाऱ्या काळेपणाचा, बुटाच्या तळव्याचा. शिसं हातावरून तोंडात जातं. म्हणून ओततानाच नाही, तर गोळ्या मोजताना, तोलताना, बंदूक भरतानासुद्धा खाणं-पिणं बंद. ओतायची जागा उघडी, वारा पाठीमागून. बूट शेडमध्येच राहतात. कपडे वेगळे धुते. शिसं काढणारा वेगळा साबण मिळतो, त्याने कोपरापर्यंत हात, मग तोंड. जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, पण ते काम सगळं गार झाल्यावर. मळाचा डबा काउंटीच्या घातक कचऱ्याच्या संकलनाला जातो.

आणि रक्ततपासणी. सुरुवात करण्याआधी एकदा करून घ्या, म्हणजे पुढे तुलना करता येते. माझा आकडा आधी डेसिलिटरला १.८ मायक्रोग्रॅम होता. त्यानंतर दर सहा महिन्यांनी करते, आत्ताचा २.१ आहे. इथल्या सीडीसीने, म्हणजे रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेने, लहान मुलांसाठी ३.५ ही पातळी धरली आहे, तिच्यापुढे गेलं की दखल घ्यायची. मुलांच्या बाबतीत त्याखालचं शिसंही निर्धोक म्हणता येत नाही. माझी मुलगी नातीला घेऊन येते तेव्हा आधी दोन आठवडे मी ओतत नाही आणि शेडला कुलूप असतं. नात तीन वर्षांची आहे, दिसेल ते तोंडात घालते.

मध्यंतरी क्लबच्या जुन्या सामानाच्या विक्रीत कॉफीच्या डब्यात भरलेले इंग्रजी खिळे दिसले. पौंडावर विकायला होते. आधुनिक बंदुकांसाठी कडक गोळ्या ओतणारे लोक छापखान्यांचा धातू शोधत असतात. लायनोटाइपच्या (अख्खी ओळ एकदम ओतणाऱ्या यंत्राच्या) धातूत ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. तो मऊ शिशात मिसळला की हवा तेवढा कडकपणा आणता येतो. माझ्या कामाचा तो नाही. तरी मी डब्यात हात घालून उभी राहिले. बोटांना तो खाचेचा स्पर्श ओळखीचा होता. खिळा सरळ आहे की उलटा हे कंपोझिटर त्या खाचेवरून न बघता ओळखतो, बाबांनीच शिकवलं होतं. सांगलीतही झिजलेले खिळे वजनावर फाउंड्रीत परत जायचे आणि वितळायचे, त्यामुळे ते वितळणार याचं मला वाईट वाटलं नाही. मग हात झटकणार होते, पण थांबले आणि धुवायला गेले.

तर त्या फोनच्या दिवशी, शनिवारी. दोन तासांत २१२ गोळ्या पडल्या. काल रात्री शेडमध्ये बसून एकेक तोलली. १७६ ते १७७.५ ग्रेनमधल्या ठेवल्या. त्याहून हलकी असली तर आत पोकळी असते, वरून ती कितीही गुळगुळीत दिसो, आणि पन्नास यार्डांवर ती हमखास बाजूला जाते. नऊ गोळ्या परत भांड्यात गेल्या.

तराजूच्या वरच्या फळीवर काचेच्या बाटलीत बाबांच्या केसमधला ‘ळ’ ठेवला आहे, छापखाना बंद झाला तेव्हा आईने आणलेला. त्याच्यावर मी एकदाच नखाने ओरखडा ओढून पाहिला होता, उमटला नाही. आत्तेभावाला म्हणावं, उरलेल्या २०३ गोळ्या डबीत भरल्या, झाकण लावलं, हात धुतले, आणि मग आत जाऊन जेवले.